मावशीच्या गोळ्या

विष्णुपुरीत राहणाऱ्या माणसाकडे पाहुण्यांची वानवा नसते. गोदावरीवरचा बंधारा पाहायला येणारे निराळे. ते पाणी पाहतात, भाजलेले कणीस खातात आणि संध्याकाळी नांदेडला परत जातात. मी म्हणते ते मुक्कामाचे पाहुणे. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला लागलेला असतो, कुणाची विद्यापीठात गुणपत्रिका अडलेली असते, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्या रुग्णालयासह शहरातून इकडे आल्यापासून तर कुणाचे ना कुणाचे माणूस दवाखान्यात असतेच. आमच्या घरच्या सतरंजीला घडी घालून ठेवण्याचा योग वर्षातून चार-दोन दिवसच येतो. तक्रार नाही हो. ह्यांना माणसांची आवड आहे, आणि चहा मी करते.

या पाहुण्यांत माझी मावशी हक्काची. आईची धाकटी बहीण. तिचे गाव औसा-निलंग्याकडचे. नाव सांगत नाही, त्याचे कारण पुढे येईल. दर काही महिन्यांनी ती एस. टी.ने येते, दवाखान्यात जाऊन आपल्या गोळ्या घेते, एक रात्र आमच्याकडे राहते आणि सकाळच्या गाडीने परत जाते. येताना कापडात बांधलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कधी शेतातला हरभरा. रात्री नऊ वाजले की पिशवीतून बाटली काढून एक गोळी घ्यायची आणि मग बाराखडी म्हणावी तशा गावच्या बातम्या सांगत बसायचे.

“आजी, कशाची गोळी?” असे मुलांनी लहानपणीच विचारले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “रक्तदाबाची.” झाले. पुढे आठ वर्षे ती गोळी रक्तदाबाचीच राहिली.

खरे असे होते की मावशीचे यजमान ट्रक चालवीत. लातूर-हैदराबाद त्यांचा नेहमीचा रस्ता. कधी मुंबई, कधी पार इंदूर. गोरा, हसरा माणूस. आला की आम्हा भाचरांना हैदराबादच्या काचेच्या बांगड्या आणि बिस्किटांचा मोठा डबा आणायचा. 1998 साली ते गेले. वर्षभर खंगत होते. गावात सांगितले ‘टी. बी.’, सोयऱ्यांत सांगितले ‘कावीळ पोटात गेली.’ मी तेव्हा महाविद्यालयात होते, आईला विचारले, “खरं काय झालं होतं काकांना?” आई दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला काय करायचंय? पोरीच्या जातीनं असलं विचारू नये.” मी पुन्हा विचारले नाही. त्यांच्या आधी दोन वर्षे मावशीचे एकुलते बाळ चौदाव्या महिन्यात गेले होते. ते का गेले असेल, याचा उलगडा व्हायला मावशीला स्वतः अंथरुणाला खिळावे लागले.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला 1986 साली, तेव्हाच्या मद्रासेत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या एका विद्यार्थिनीने गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत तो निघाला. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी याच रोगासाठी संस्था काढली. म्हणजे काका गेले तेव्हा देशाला ही गोष्ट ठाऊक होऊन बारा वर्षे झाली होती. आमच्या घराला मात्र ठाऊक नव्हती. निदान, ज्यांना ठाऊक असायला हवी होती त्यांना कुणी सांगितली नव्हती. मावशीचे नशीब एवढेच की तिचे दुखणे बळावले तोवर सरकारने औषधे मोफत द्यायला सुरुवात केली होती. 1 एप्रिल 2004 पासून ती सुरू झाली. आमच्या भागापर्यंत पोचायला आणखी काळ लागला, पण मावशीच्या पदरात वेळेवर पडली. सुरुवातीला गोळ्या दिवसातून दोनदा असत, आता रात्रीची एकच. आज ती साठीची आहे आणि माझ्याआधी जिना चढते.

आता आमच्या कन्येकडे वळते. वय वर्षे तेरा, इयत्ता आठवी, आणि प्रश्न विचारण्यात नारदाची धाकटी बहीण. गेल्या 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने शाळेत चित्रस्पर्धा झाली. बाईसाहेबांनी पृथ्वीच्या गोलाभोवती लाल फीत काढली आणि दुसरा क्रमांक मिळवला. रात्री जेवताना बक्षिसाचा कंपास मिरवून झाला आणि मग शांतपणे प्रश्न आला.

“आई, पण एड्स होतो कशानं?”

ह्यांनी वर्तमानपत्र उचलले. जेवताना वर्तमानपत्र वाचण्याला माझी बंदी आहे, पण त्या रात्री मी काही बोलले नाही. अकरावीतले चिरंजीव एकदम भातात फारच रमले.

“रक्तातून होतो,” मी म्हटले. “दुसऱ्याची वापरलेली सुई टोचली, न्हाव्यानं नवीन पान नाही घातलं, तर.”

“आणि?”

“आणि काही नाही. वरण घे.”

“मग चित्राखाली बाईंनी ‘संयम पाळा’ असं का लिहायला लावलं? सुईला कसला संयम?”

वर्तमानपत्र थरथरले. हे हसत होते की घाबरले होते, देव जाणे. मी “मोठी झालीस की कळेल” हे ठेवणीतले वाक्य काढले आणि ताटे उचलली. दळण निवडणाऱ्या माझ्या आईची मला तेव्हा आठवणही झाली नाही.

संक्रांतीनंतर मावशी आली. रात्री नऊला तिने गोळी घेतली. कन्येने बाटली सहज हातात घेऊन पाहिली, यात नवल ते काय! पण ह्यांना खरोखरच रक्तदाब आहे, आणि त्यांच्या गोळ्यांची चपटी पट्टी असते, बाटली नसते. पोरीने बाटलीवरची नावे वहीत उतरवून घेतली: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. मग दादाचा मोबाइल घेऊन ती शोधली. मला यातले काहीच माहीत नव्हते. मी स्वयंपाकघरात गूळ किसत होते.

सकाळी न्याहारीला मावशीचे धपाटे गरम केले. कन्या म्हणाली, “मला भूक नाही.” ज्या धपाट्यांसाठी भावाशी मारामारी होते, ते तिने बाजूला सारले. मला वाटले, पोट बिघडले असेल. शाळेला निघताना तिच्या गणवेशाचे बटण तुटलेले मावशीला दिसले. “आण गं लेकरा, दोन टाके घालते,” म्हणून मावशीने सुई-दोरा काढला. पोर अवघडून उभी. मावशीची नजर आता पहिल्यासारखी नाही. सुई तिच्याच बोटात गेली आणि रक्ताचा थेंब आला. कन्या किंचाळली, अंगातला सदरा ओढून काढला, फेकला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आतून सारखा नळाचा आवाज.

मावशी काही बोलली नाही. तिने बोट पदराला पुसले, सुई कागदात गुंडाळली, कागद रुमालात गुंडाळला आणि रुमाल पिशवीच्या तळाशी ठेवला. ते तिचे गुंडाळणे मी अजून विसरले नाही. तिला त्याची सवय होती. पूर्वी सासरच्या घरी तिची ताटली गोठ्याच्या भिंतीवर वेगळी ठेवीत.

पोरगी न जेवता शाळेला गेली. मावशी म्हणाली, “पुढच्या खेपेला मी परतीच्या गाडीनंच जात जाईन. दुपारची एक गाडी असते. उगं तुमच्या घरात लेकरांच्या जिवाला घोर नको.”

काय बोलावे ते मला सुचेना. मी तिला घेऊन बंधाऱ्याकडे चालत गेले. हिवाळ्यात तिथे पाणी तुडुंब असते आणि सकाळी धुके उतरलेले असते. बोलायला बरे पडते, कारण दोघींनाही पाण्याकडे बघता येते. मी कबूल केले की चूक माझी. पोरीने विचारले तेव्हा मी फक्त सुई सांगितली.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू सुई सांगितलीस म्हणून ती सुईला भ्याली. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं बघ. मी कशालाच भ्याले नाही.” थोडे थांबून पुन्हा म्हणाली, “माझ्या आईला ठाऊक असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. लाजेनं मेली असती. पण तू तर शिकलेली हैस.”

तिथेच, कठड्यापाशी उभे राहून मी तिला विचारले, “मुलांना तुझं सांगू का?” हे विचारणे नुसत्या शिष्टाचाराचे नव्हते. एखाद्याला ही लागण आहे हे त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगू नये, असा 2017 सालचा कायदाच आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू झाला. मावशीला कायदा ठाऊक नव्हता. ती म्हणाली, “सांग. सगळं सांग. आणि काकांना वाईट करून सांगू नको.”

पुढचे एक वाक्य फार कठीण होते, हे मला घरी आल्यावर कळले. सांगायचे, पण कोणत्या शब्दांत? आपल्या मराठीत या विषयाचे दोन शब्दकोश आहेत. एक पाठ्यपुस्तकातला, त्यातली ‘प्रजनन संस्था’ ऐकली की मला साखर कारखान्याची सहकारी संस्था आठवते. दुसरा एस. टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरचा. मधला, घरात बसून आईने मुलीशी बोलावा असा शब्द शोधू जावे तर हाताला काही लागत नाही. आमच्या वेळी तो धडा आला की “घरी वाचा” म्हणून पुढे जात, आणि घरी तो कुणी वाचायचा? निरोधचेच पाहा. 1968 साली सरकारने तो स्वस्तात विकायला काढला आणि नाव दिले ते योगशास्त्रातले! त्यामुळे शब्द पवित्र राहिला आणि वस्तू चोरटी.

र. धों. कर्व्यांनी हे शब्द मराठीत रुजवण्यासाठी जन्म घालवला. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी नोकरी गेली. 1934 साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी दंड झालाच. मला त्यातले एवढेच मनाला लागते की लोक प्रश्न विचारत होते, पोस्टाने, अनोळखी माणसाला. घरात विचारायची सोय असती तर एवढी तिकिटे कशाला चिकटवली असती?

शाळेत शिकवतील म्हणून सोडून द्यावे, तर 2007 साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ होऊन तो कार्यक्रम थांबवला गेला. त्याच वर्षी औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी लागण झालेल्या अनाथ मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. 2009 मध्ये ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा बाकीच्या पालकांनी विरोध केला, आपली मुले काढून घेऊ म्हणाले. मी तेव्हा ती बातमी वाचून ह्यांना म्हटल्याचे आठवते, “काय अडाणी माणसं आहेत!” आता माझ्याच घरात, बारा टाक्यांच्या सदऱ्यापायी तेच घडले होते. सेवालयातली मुले पुढे मोठी झाली, त्यातल्या काहींची आपसात लग्नेही लागली. तसे काही होईल असे त्या पालकांना तेव्हा कुणी सांगितले असते, तर पटले असते का?

असो. त्या शनिवारी मी दोन किलो मटारच्या शेंगा आणल्या आणि कन्येला समोर बसवले. हात कामात असले की तोंड सैल होते, हा माझा अनुभव. मी पहिल्यांदा खोटे मागे घेतले. म्हटले, “रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत त्या. आणि त्या दिवशी मी तुला अर्धंच सांगितलं.” मग सांगितले. स्त्री-पुरुष जवळ येतात म्हणजे काय, मूल कसे होते, आणि त्या जवळ येण्यात एकाला हा विषाणू असेल आणि निरोध वापरला नसेल तर तो दुसऱ्याला कसा होतो. पुरुषा-पुरुषांच्या संबंधांतूनही होतो. लागण झालेले रक्त चढवले तर होतो, अनेकांनी एकच इंजेक्शन वापरले तर होतो, आईपासून पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला होतो; पण आईने वेळेवर औषध घेतले तर बाळ बहुधा सुखरूप राहते. धपाट्यातून होत नाही. एका ताटात जेवून, मिठी मारून, डास चावून होत नाही. गणवेशाला लागलेल्या थेंबाने होत नाही. आणि आजीसारखी रोज न चुकता गोळी घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून जोडीदारालाही लागण होत नाही. हे शेवटचे मलाही चार-पाच वर्षांपूर्वीच कळले.

माझे कान तापले होते. पोरीचे तापले नव्हते. ती दाणे खात ऐकत होती. म्हणाली, “यातलं निम्मं मला वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं होतं.” मग तिने विचारले, “आजीला हे आजोबांकडून आलं?”

“हो.”

“मग आजोबा वाईट होते?”

मटार संपले होते. रिकाम्या शेंगा पुन्हा चाचपत मी म्हटले, “मला बांगड्या आणायचे.” हे उत्तर नव्हे, मलाही ठाऊक आहे. महिनोन् महिने रस्त्यावर असणारा एक चोविशीतला माणूस, त्याला कुणी सांगितले नव्हते. आणि ज्या बाईकडे तो गेला असेल तिलाही कुणी सांगितले नसेल. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “पण त्यांनी आजीला तरी सांगायचं.” यावर मला बोलता आले नाही. ती बरोबर होती.

चिरंजीवांची जबाबदारी ह्यांच्यावर टाकली. ह्यांनी आठवडाभर चालढकल केली आणि मग एक युक्ती काढली. विष्णुपुरी ते नांदेड स्कूटरवर; मुलगा मागे, आपण पुढे, तोंडे एकमेकांना दिसत नाहीत, वाऱ्यामुळे मोठ्याने बोलावे लागते म्हणून लाजायला वेळ नाही. एका खेपेत उरकेल असा ह्यांचा हिशेब होता. सहा खेपा झाल्या. पोराकडे मोबाइलवरून मिळवलेले ज्ञान भरपूर निघाले. ‘चेहऱ्यावरून कळतं’, ‘एकदा काही होत नाही’, ‘चांगल्या घरच्यांना होत नाही’. हे म्हणाले, “तुझ्या आजीचं घर वाईट आहे का?” पोरगा त्यानंतर शहर येईपर्यंत गप्प बसला. मुलीने नाही म्हटले म्हणजे नाही, हेही ह्यांनी स्कूटरवरच सांगितले. आणि कधी चूक झालीच, भीती वाटलीच, तर लपवू नकोस, बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलो तर लागण टाळायचे औषध असते, तेव्हा आधी मला सांग. निरोध दाखवायला म्हणून हे औषधांच्या दुकानात गेले, तर गल्ल्यावर ह्यांचाच जुना विद्यार्थी! हे खोकल्याचे औषध घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या विद्यार्थ्याने पाकीट काळ्या पिशवीत घातले, तेव्हा हे म्हणाले, “पिशवी नको.” ही गोष्ट हे आता पाहुण्यांनाही सांगतात, मला ऐकताना थोडे कानकोंडे होते.

मावशी उन्हाळ्यात पुन्हा आली. येण्याआधी फोनवर म्हणाली, “परतीनं जाते.” कन्येने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “आजी, धपाटे आणलेस तरच घरात घेऊ.” दारात आल्यावर मात्र ती आजीच्या जवळ जायला जरा घुटमळली. तेरा वर्षांचीच आहे. कळणे आणि वळणे यांत थोडे अंतर राहायचेच. मावशीने ओळखले, आणि तीही घाई न करता पाय धुवायला गेली. रात्री दोघी एका सतरंजीवर झोपल्या.

हे लिहू का, असे मावशीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “लिही. नाव घालू नको, गाव घालू नको. गावात अजून टी. बी.च हाय.”

आता रोज रात्री नऊला कन्या तिला फोन लावते. “आजी, गोळी?” मावशी माझ्याकडे तक्रार करते की मोबाइलचा गजर आधीच वाजलेला असतो, गोळी घशाखाली उतरलेली असते, आणि वर ही पोर अर्धा तास प्रश्न विचारीत बसते. काल विचारीत होती, काकांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा आजीला काय वाटलं. मावशीने काय उत्तर दिले ते मला सांगत नाहीत.